उजव्या हाताचा चार्ज

पक्षाघातानंतर साडेचार महिन्यांनी मुकुंदराव बोबड्यांचा उजवा हात कामावर रुजू व्हायला तयार झाला, पण डाव्या हाताने चार्ज सोडायला नकार दिला.

मुकुंदरावांच्या डोक्यावर उपचार केंद्राची तारांची टोपी होती. डोक्यातला हुकूम टोपी यंत्राला कळवी, यंत्र तो उजव्या हाताला पोचवी, आणि हातांचं काही म्हणणं असेल तर ते पडद्यावर उमटे. फिजिओथेरपिस्ट शेख मॅडमनी ते वाचून दाखवलं. इतके दिवस जेवण, दाढी, सह्या सगळं आपण प्रभारी म्हणून ओढलं. आता लेखी यादीशिवाय काहीही सोडणार नाही, असं डाव्याचं म्हणणं होतं.

तहसील कचेरीत बत्तीस वर्षं काढलेल्या मुकुंदरावांना ते पटलं. अडचण एवढीच होती की रविवारी धाकट्या मुलीचं लग्न होतं, आणि तिच्यावर डाव्या हाताने अक्षता टाकायच्या नाहीत, असं त्यांनी ठरवलं होतं.

"मग करा यादी," त्यांच्या पत्नी कुमुदताई म्हणाल्या. "लोकांना बाकावर बसवून ठेवायचात ना, आता स्वतः बसा."

यादीला तीन दिवस लागले. चमचा, बटणं, किल्ली बिनतक्रार उजव्याकडे गेली. पाठ खाजवण्यावरून वाद झाला. ती डाव्याकडेच कायम राहिली. शेख मॅडमनी साक्षीदार म्हणून सही केली. तरी डावा अडूनच. आता त्याला निरोप समारंभ हवा होता.

"बरोबर आहे त्याचं," मुकुंदराव म्हणाले. "माझ्या वेळी तर मंडप घातला होता."

कुमुदताईंनी शाल आणली, नारळ आणला. शाल त्यांनीच डाव्या मनगटावर घातली. नारळ मात्र नव्या अधिकाऱ्याने द्यायचा असतो. मुकुंदरावांनी डोळे मिटून हुकूम सोडला. बराच वेळ काही झालं नाही. मग उजव्याची बोटं हलली, नारळाभोवती आवळली, आणि थरथरत तो डाव्या तळव्यावर ठेवून आली.

डाव्याने नारळ स्वीकारला आणि लगेच पंधरा दिवसांची रजा मागितली. हक्काची होती, मंजूर करावी लागली.

रविवारी मुकुंदराव तारांच्या टोपीसकट मांडवात उभे राहिले, आणि उजव्या हाताने अक्षता टाकल्या. निम्म्या व्याह्यांच्या फेट्यावर पडल्या, बाकीच्या मुलीपर्यंत पोचल्या. मंगलाष्टकं संपली, टाळ्या सुरू झाल्या.

"डावा रजेवर आहे," मुकुंदराव हळूच म्हणाले.

"ठाऊक आहे मला," म्हणत कुमुदताईंनी आपला तळवा पुढे धरला, आणि दोघांनी मिळून टाळ्या वाजवल्या.