व्हिएन्नात डावीकडे वळा

जयराम पांचाळ प्रागला जायला निघाला आणि कुवेतच्या विमानतळावरूनच परत आला, याचं मूळ सुरमईच्या कालवणात होतं.

जयराम कुवेत सिटीतल्या एका ऑफिसात बावीस वर्षं इमारतींचे आराखडे काढणारा ड्राफ्ट्समन होता. शहराबाहेरच्या एगैला भागात एका फ्लॅटमध्ये तो आणि श्रीवर्धनचा यूसुफ असे दोघं राहायचे. बायको सुनंदा देवरुखला. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, पण एकत्र काढलेले सगळे दिवस जोडले तर जेमतेम पाच वर्षं भरली असती. म्हणून या वर्षी त्याने ठरवलं, दोघांनी युरोप बघायचा. प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट. सुनंदा पुण्याच्या टूरबरोबर मुंबईहून येणार आणि हा कुवेतहून जाऊन तिला प्रागमध्ये गाठणार. तयारी म्हणून जयरामने जुन्या युरोपीय इमारतींवरचं एक जाडजूड सेकंडहँड पुस्तक इतक्यांदा वाचलं, की टोकदार कमान कुठल्या शतकातली आणि गोल कुठल्या, हे यूसुफलाही झोपेत सांगता आलं असतं.

निघायच्या आठवडाभर आधी, बाहेर चाळीस डिग्री असताना, त्याने नवा लोकरी कोट चढवला, आतल्या खिशात पासपोर्ट ठेवला आणि आरशासमोर रंगीत तालीम केली. नेमका त्याच वेळी यूसुफ कालवणाचं पातेलं घेऊन वळला. कोट तातडीने लाँड्रीत गेला. पासपोर्टही गेला. कोट परत आला तो प्लास्टिकच्या पिशवीत, कडक इस्त्री होऊन. जयरामने तो तसाच हातावर टाकला आणि विमानतळ गाठला.

काउंटरवर त्याने खिशात हात घातला, तेव्हा हाताला पापडासारखं काहीतरी लागलं. व्हिसाच्या पानावर जयरामची फक्त मिशी शिल्लक राहिली होती. काउंटरवरच्या मुलीने ते पान उजेडात धरलं, मग याच्याकडे बघितलं, मग पुन्हा पानाकडे, आणि वाईट वाटल्यासारखी मान हलवली. नवा पासपोर्ट मिळायला तीन आठवडे, व्हिसाचं तर त्यापुढे. तोवर सुनंदाचं विमान मुंबईहून उडालं होतं.

रजा मात्र मंजूर होती. यूसुफ कामावर आणि हा एकटा फ्लॅटमध्ये. एसीचा आवाज, समोर बांधलेली बॅग. यूसुफने मॉलमधल्या दुकानातून तीनदा फोन करून माफी मागितली. चौथ्यांदा जयरामने फोन उचलला नाही, कारण तेव्हा सुनंदाचा व्हिडिओ कॉल आला होता. ती प्रागच्या पुलावर उभी होती आणि रडवेली झाली होती. एवढ्या माणसांत आपण एकटीने काय बघायचं, असं तिचं म्हणणं.

"मी आहे ना," जयराम म्हणाला. "कानात हेडफोन घाल आणि मी सांगतो तिकडे बघ."

त्या दिवशी सुनंदाने जयरामच्या डोळ्यांनी प्राग बघितलं. डावीकडे बघ. आता वर. त्याच्याही वर. तो पुतळा सोड, तो नंतरचा आहे. इकडे हा पुस्तकाची पानं उलटत होता, तिकडे ती मान वर करून चालत होती आणि दोनदा सायकलवाल्यांवर आदळली. सांगलीच्या गोदूबाई टूरच्या बसमध्ये तिच्या बाजूच्या सीटवर बसायच्या. त्यांनी विचारलं, हे सगळं तुला कोण सांगतंय गं? सुनंदाने हेडफोन काढून फोन स्पीकरवर टाकला. दुसऱ्या दिवशी तिच्यामागे सहाजण होते. व्हिएन्नात पोचेपर्यंत अकरा. टूर मॅनेजर रितेश झेंडा उंच धरून चालायचा आणि त्याच्यामागे उरलेली माणसं दर दिवशी कमी व्हायची.

जयराम खुलला. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो फोनसमोर बसू लागला. बावीस वर्षांत त्याचं इतकं कुणी ऐकलं नव्हतं.

व्हिएन्नाच्या मोठ्या चर्चची रंगीत कौलं सांगून झाल्यावर त्याला एक जुनं अंगण आठवलं. इमारतीच्या पोटातून जाणारी वाट, पलीकडे थेट टूरची बस उभी होती तो रस्ता. पुस्तकात नकाशाच होता.

"डावीकडे वळा," त्याने सांगितलं.

सुनंदामागोमाग अकराजण वळले. मागचं दार आपोआप लागलं. पुढच्या दाराला कुलूप होतं. पुस्तक छापलं तेव्हा ती वाट असेलही, पण आता तिथे लोक राहत होते. तिसऱ्या मजल्यावरून एक बाई जर्मनमध्ये ओरडू लागली. जयरामने सगळ्यांना शांत राहायला सांगितलं आणि वेळ जावा म्हणून खिडक्यांच्या चौकटींची माहिती द्यायला सुरुवात केली. सव्वा तासाने रितेश आला आणि त्याने त्या बाईची माफी मागून सगळ्यांना बाहेर काढलं. संध्याकाळचा संगीताचा कार्यक्रम हुकला. बसमध्ये कुणी सुनंदाशी बोललं नाही. गोदूबाईंनी सीट बदलली.

"रितेशसर म्हणाले, तुमच्या मिस्टरांना जरा आराम करू द्या," सुनंदाने कळवलं आणि फोन बंद झाला.

दुसरा दिवस पूर्ण गेला. जयराम दर थोड्या वेळाने फोन चार्जिंगला लावत होता, भरलेला असतानाही. संध्याकाळी यूसुफने भात पुढे ठेवला. जयराम न जेवताच उठला.

तिसऱ्या दिवशी दुपारी बुडापेस्टहून फोन आला. जयरामने आधी नकाशाबद्दल माफी मागितली. मग सांगितलं, की आता नदीपलीकडे बघ, तो घुमट आहे ना, त्याच्या...

"अहो, थांबा," सुनंदा म्हणाली. आवाज रागावलेला नव्हता. "आपलं घर बांधलं तेव्हाही हेच. तुम्ही तिकडून फोनवर सांगत होतात, पायरी इकडे घे, खिडकी तिकडे सरकव. मी उन्हात गवंड्यांना सांगत उभी. घर झालं, पण ते मी बघितलं कधी? तुम्ही सांगितलंय तसं झालंय की नाही, एवढंच बघितलं."

जयरामने पुस्तकावर ठेवलेलं बोट उचललं.

"काल मी एकटीच फिरले. कुणीच बोलत नव्हतं, म्हणून बघता आलं. छान होतं. पण सांगायला कुणी नव्हतं. म्हणून लावला फोन."

मग ती बाकावर बसली आणि सांगू लागली. समोरच्या पार्लमेंटला ती सरळ देऊळ म्हणाली. टोकदार कमानींना गोल म्हणाली. सहाशे वर्षं जुनं असणार, असंही ठोकून दिलं. जयरामने प्रत्येक वेळी तोंड उघडलं आणि प्रत्येक वेळी मिटलं. सव्वाशे वर्षं, एवढंच त्याला सांगायचं होतं.

"दगडाला पावसाचे काळे ओघळ आलेत," ती म्हणत होती. "वर इतकी टोकं आहेत ना, कावळ्याला बसायची पंचाईत. काय म्हणतात हो या पद्धतीला?"

ती पद्धत, तिचा उगम, तिच्यावरचं अख्खं प्रकरण जयरामच्या जिभेवर होतं.

"मला नाही माहीत," तो म्हणाला. "तू सांग ना पुढे."