एलायस मोयरच्या दारात मनुकांची पाई

छपरं घालणाऱ्या माणसाला पाईची पारी जमणार नाही असं ज्याला वाटतं, त्याने एकदा माझ्यासमोर येऊन म्हणून दाखवावं! उभा जन्म मी पाटीच्या दगडाची छपरं घालण्यात घालवला आहे. दगडाचे पापुद्रे सोडवायचे, एकावर एक बसवायचे आणि मध्ये पाणी शिरू द्यायचं नाही. पारीत तरी दुसरं काय असतं? पीठ, डुकराची पांढरी चरबी, थोडंसं गार पाणी आणि पापुद्रे. शिवाय पारीला गार हात लागतात, नाहीतर चरबी पिठात वितळून जाते, आणि माझे हात तर ऐन उन्हाळ्यातही गारच असतात. म्हणजे देवाने मला पारीसाठीच घडवलं होतं, फक्त कळवायला उशीर केला.

हे सगळं मी व्हर्ना मोयरला सांगत होतो. मनातल्या मनात. मनातल्या मनात मी तिच्याशी फार छान बोलतो. प्रत्यक्ष समोर आली की हवापाण्याबद्दल दोन वाक्यं बोलतो आणि टोपी सावरत घरी येतो. हे असं शाळेपासून चाललंय आणि आता आम्हा दोघांचे केस पांढरे झालेत.

गेल्या पानगळीत मी मोयरांच्या छपराची डागडुजी करत होतो. व्हर्ना शिडीच्या चार पायऱ्या चढून कॉफीचा मग वर देत म्हणाली, "विल्मर, दुकानातल्या तयार पारीवर जगणाऱ्या माणसाशी मी कधी लग्न करणार नाही." एवढं बोलून ती कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. ती सहज म्हणाली की मला उद्देशून म्हणाली, याचा विचार मी छपरावर बसून संध्याकाळपर्यंत केला. कॉफी गार झाली. डोंगरामागे सूर्य गेला तरी मी तसाच बसून होतो.

मग बातमी आली की तिची बहीण तिला आणि त्यांच्या म्हाताऱ्या वडिलांना, म्हणजे एलायस मोयरना, कायमचं ओहायोला बोलावते आहे. ईस्टरनंतर निघायचं घाटत होतं.  जीभ चालत नाही तर पाई बोलेल, असं मी ठरवलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या हातची एक पाई तिच्या टेबलावर ठेवायची, मग पुढे जे व्हायचं ते होईल.

पहिली पारी छपराला ठोकता आली असती. दुसरी ताटलीतून सुटलीच नाही. तिसरी मी कोंबड्यांना घातली, तर त्यांनी आधी पारीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. हिवाळाभर हेच. पण हळूहळू बोटांना समजायला लागलं. चरबी मटाराच्या दाण्याएवढी ठेवायची, पार मिसळून टाकायची नाही. पाणी जेमतेम. मळायचं तर नाहीच. गोळा धरायला लागला की हात काढून घ्यायचा आणि त्याला गार कोठीत निजू द्यायचं. तो निजला की मी शेजारी स्टुलावर बसून राही. खिडकीबाहेर बर्फ वितळत असे, ओढ्याचा आवाज येत असे, आणि मला आमचं दोघांचं स्वयंपाकघर दिसत असे. निळे पडदे, टेबलाशी दोन खुर्च्या आणि एक तिच्या वडिलांसाठी.

अशाच एका मार्चच्या शनिवारी पारी साधली. लाटताना पिठात चरबीचे पांढरे ठिपके दिसत होते, जसे दिसायला हवेत तसेच. आता हवं होतं फक्त सारण. तळघरातली सफरचंदं संपली होती. फळीवर काळ्या मनुकांची पिशवी होती. मी मनुका शिजवल्या, भरल्या, वर पारीच्या पट्ट्यांची जाळी विणली आणि पाई भट्टीत सरकवली.

आमच्या या पेनसिल्व्हेनियाच्या दरीत मनुकांची पाई कधी करतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. घरात कुणी गेलं की करतात. इतर फळं हंगामावर असतात, मनुका कधीही हाताशी असतात, आणि मरण हंगाम बघून येत नाही. मातीला जाऊन आलं की सगळे बसून मनुकांची पाई खातात. मला हे ठाऊक नव्हतं का? अशी पाई मी आजवर कितीतरी वेळा हुंदके ऐकत ऐकत खाल्ली आहे. पण त्या दिवशी माझं सगळं चित्त पारीत होतं, सारण माझ्या हिशेबातच नव्हतं.

मी माझा एकुलता एक चांगला कोट घातला. तो काळा आहे. पारीला तडा जाऊ नये म्हणून अगदी हळू, एकेक पाऊल मोजून टाकल्यासारखा निघालो.

शेजारच्या फाटकाशी मेबल हाइम्बाख झाडत होती. तिने पाईच्या जाळीतून दिसणाऱ्या काळ्या मनुका पाहिल्या, माझा कोट पाहिला, आणि झाडू भिंतीला टेकवला.

"कुणाकडे, विल्मर?"

"मोयरांकडे."

"अरेरे! कधी झालं?"

"आज सकाळी."

फार त्रास झाला का, असं तिने हळूच विचारलं. मी म्हणालो, हिवाळाभर फार झाला, पण शेवट इतका शांत झाला की काय सांगू. ती पदराने डोळे पुसावेत तशी एप्रनने डोळे पुसत आत पळाली. माझ्या पारीसाठी कुणाच्या डोळ्यांत पाणी यावं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या घरांना टेलिफोनची तार एकच आहे. मेबलने एकीला सांगितलं आणि बाकीच्यांनी आपापल्या घरी ऐकलं. मी पुलापर्यंत पोचलो नाही तोच चर्चची घंटा सुरू झाली. आमच्याकडे माणूस गेला की जितकं त्याचं वय तितके टोले देतात. हे टोले थांबेचनात. कुणीतरी पिकलं पान गळालेलं दिसतंय, असं मला वाटलं. कोण असेल बिचारं? मी पाई पुलाच्या कठड्यावर ठेवली, टोपी काढली आणि मान खाली घालून उभा राहिलो. मान वर केली तर मागे बरीच माणसं उभी होती, त्यांच्याही टोप्या हातात होत्या. काळे कपडे, झाकलेली भांडी, भाजलेल्या हॅमचा वास. यांनाही याच बाजूला जायचंय वाटतं, असं मनात म्हणून मी पुढे निघालो. ती सगळी माझ्या मागून माझ्याच चालीने येत होती.

व्हर्ना टोले ऐकून दारातच आली होती. तिने मला पाहिलं, मागची माणसं पाहिली, आणि मग तिची नजर पाईवर गेली. मी हिवाळाभर ज्या चेहऱ्याची स्वप्नं पाहिली तो चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. "पॅप!" अशी बापाला हाक मारत ती आत धावली.

आता कुठे मी हातातल्या पाईकडे नीट पाहिलं. जाळीतून मनुका माझ्याकडे पाहत होत्या. माझे गार हात आणखी गार पडले.

आत एलायस खुर्चीत दुपारची डुलकी काढत होते. मुलीने गदागदा हलवल्यावर ते उठले आणि काठी टेकत दारात आले. कोण गेलं, असं त्यांनी विचारलं. सगळे आपापल्या बुटांकडे पाहत राहिले. अखेर मेबल हॅमचं ताट सावरत म्हणाली, "तुम्ही, एलायस."

म्हाताऱ्याने थोडा विचार केला. "मला कुणी कळवलं नाही."

मग त्यांनी कान देऊन टोले ऐकले आणि म्हणाले, "त्या घंटेवाल्या क्लेटनला जाऊन सांगा, पुरे कर. माझं वय त्याने केव्हाच मागे टाकलंय." आणि आणलंय तर बसा, असं म्हणून त्यांनी सगळ्यांना आत घेतलं. टेबलाच्या टोकाशी बसून आपल्याबद्दल कोण काय बोलणार होतं ते ते एकेकाला विचारत होते, आणि नुसतं 'भला माणूस' म्हणणाऱ्याला आणखी काहीतरी आठवायला लावत होते. सगळी मंडळी हसत होती, ताटं फिरत होती.

व्हर्ना हसत नव्हती.  ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"विल्मर किसलर, एक क्षण मला वाटलं माझा बाप गेला. ही पाई तू कुणासाठी आणलीस?"

शाळेपासून मनात जुळवलेली सगळी वाक्यं मला एकदम सोडून गेली. ओहायो मला अगदी दारात उभं दिसलं.

"तुझ्यासाठी," मी म्हणालो. "पारी मी स्वतः केली. सारणाकडे माझं लक्षच नव्हतं. मला वाईट वाटतं, व्हर्ना. तू जाऊ नयेस असं मला वाटतं."

एवढं सलग मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो.  तिने सुरी घेतली आणि पाई कापली. पारी करकरली. काठाचा तुकडा मोडून तिने खिडकीच्या उजेडात धरला. पापुद्र्यावर पापुद्रा, पातळ, सोनेरी, मध्ये हवा. माझ्या कुठल्याच छपराकडे कुणी इतका वेळ पाहिलेलं नाही. मग तिने तो तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांनीच म्हणाली,

"पारी तूच करत जा. सारण यापुढे मी ठरवणार."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एलायसनी काठी जमिनीवर आपटली. मला वाटलं, माफी मिळाली. मी खूश होऊन म्हणालो, "चालेल. पुढच्या खेपेला सफरचंदं घेऊन येतो."  मेबलने माझ्याकडे पाहून मान हलवली आणि मला हॅम वाढला.

सोमवारी सकाळी मी दरीच्या टोकाला एका कोठाराच्या छपरावर होतो. धुकं उतरत होतं. एक पाटी बसवली, दुसरी बसवली, तिसरी हातातच राहिली. मग मी शिडी कशी उतरलो ते मला आठवत नाही. धापा टाकत मोयरांच्या दारात पोचलो तेव्हा व्हर्ना पायरीवर सफरचंदं सोलत बसली होती. कुणाकडून तरी मागून आणली असावीत.

"व्हर्ना," मी म्हणालो, "तू मला हो म्हणालीस."

"आज सोमवारच ना?" ती सोलता सोलता म्हणाली. "मला वाटलं होतं, तुला कळायला बुधवार उजाडेल."