कल्हईवाल्यांच्या घरी आरसा दाखल जाहला, त्याची हकीकत

गड कोणी घेतले, तख्ते कोणी उलथली, हा मजकूर लिहिणारे बहुत होऊन गेले आणि त्यांची दप्तरे भरली. परंतु पुरुषभर उंचीचा एक जुना आरसा दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात कोणत्या पराक्रमाने दाखल जाहला, त्यावर मध्येच कैसे अरिष्ट गुदरले, आणि ते अरिष्ट कोणी आणिले व कोणी निवारिले, याची नोंद कोणी केली नाही. सबब ती येथे करणे प्राप्त जाहले. घडले ते लिहिले आहे. कोणाची भीड धरली नाही, कल्हईवाल्यांचीही नाही.

तर त्या बिऱ्हाडाच्या अधिपती बाईसाहेब. यांनी तीस वर्षे एका नाटक मंडळीच्या कपडेपटाचा कारभार केला. राजे, राण्या, प्रधान, फौजदार यांस वस्त्रे चढवावी, उसवले तेथे टाका घालावा, आणि मग रंगपटातल्या आरशासमोर उभे करोन पाठीमागून विचारावे की, बरे दिसते ना, ऐसा नित्यक्रम. रंगपटात आरसे सात, आणि सातांची निगा बाईसाहेबांकडे. परंतु आरशासमोर सदैव कोणी नट अथवा नटी उभी, आणि बाईसाहेब त्यांच्या मागे. सबब तीस वर्षांत त्यांनी स्वतःस पाहिले ते दुसऱ्याच्या खांद्यावरून. एक डोळा, अर्धे कपाळ आणि दातांत धरलेल्या टाचण्या, इतकेच. घरी आरसा होता तो तळहाताएवढा, यजमानांच्या दाढीचा. कारभारातून मोकळ्या जाहल्या त्या दिवशी मंडळीने भाषणे केली, फुले दिली आणि निरोपाचा फोटो काढिला, तर त्या फोटोतही पुढे नायिका उभी. तो फोटो पाहोन बाईसाहेबांनी जाहीर केले की, "मला एकदा मी अख्खी बघायचीय. मध्ये कोणी नको." हीच या मोहिमेची प्रतिज्ञा.

त्यांचे यजमान, खासे कल्हईवाले. तांब्या-पितळेच्या भांड्यांस आतून कथलाचा मुलामा चढवणे हा त्यांचा चाळीस वर्षांचा पेशा. भाता, चिमटा आणि नवसागर ही त्यांची आयुधे. भांडे आले की प्रथम जुनी कल्हई खरवडून तांबे उघडे करावे आणि मगच नवी चढवावी, हा त्यांचा कायदा, आणि तो त्यांनी कधी मोडिला नाही. पुढे स्टीलने स्वारी केली, घरोघरची तांब्याची ठाणी पडली, आणि कल्हईवाले आयुधे पलंगाखाली ठेवून स्वस्थ बसले. परंतु हात स्वस्थ बसेनात. कोठे डाग दिसला की घासावा. एके दिवशी शेजाऱ्यांच्या दारावरची पितळी पाटी त्यांनी न विचारता ऐसी घासली की पाटी लखलखीत जाहली आणि शेजाऱ्यांचे नाव गेले.

मग एके सकाळी बाईसाहेब कूच करोन जुन्या सामानाच्या बाजारी दाखल जाहल्या, आणि कल्हईवाले पिशवी घेऊन पिछाडीस. तेथे एक दुकानदार होता, ज्यास सारा बाजार डुलकीशेठ म्हणे, कारण गिऱ्हाईक आले तरी त्याची झोप मोडत नसे. आज मोडली. त्याने अगत्याने एक आरसा पुढे केला आणि अर्ज केला की, हा शंभर वर्षांचा असोन एका जहागीरदारांच्या शयनगृहातील आहे.

बाईसाहेबांनी आरशासमोर मान डावीकडे नेली, मग उजवीकडे नेली. तोंड जागचे हलले नाही.

"जुन्या काचेत तोंड थोडं लाटेसारखं हलतं, शेठ. हे तर पासपोर्टच्या फोटोसारखं बसलंय."

"पण बाई, डाग बघा ना! खरे डाग आहेत हो!"

"खरे डाग असे रांगेत उभे राहत नाहीत. ब्रशनं मारलेत."

डुलकीशेठ पुन्हा डोळे मिटावे की काय, या विचारात पडला. इतक्यात बाईसाहेब कपाटांच्या खिंडीत शिरल्या, आणि तेथे पडद्याखाली खरा आरसा गवसला. महिरप शिसवी, तीवर कोरलेली वेल, काचेच्या माथ्यावर घासून काढलेले एक फूल. खालच्या कडेस तपकिरी डाग, कोणी चहा सांडावा तैसे बेशिस्त. आणि मान हलवली की तोंड अंमळ डुले. बाईसाहेबांनी पडदा परता टाकिला नाही, दोन्ही हातांनी घडी करोन ठेविला. त्यावरून त्यांचे मन बसले हे कल्हईवाल्यांनी ओळखिले.

परंतु डुलकीशेठ वदला की, हा एका हॉटेलवाल्यांनी सांगून ठेविला आहे, न्हाणीघरात लावणार. ते ऐकोन बाईसाहेबांचा कोप जाहला. त्यांनी भर दुकानात सुनावले की, न्हाणीघरची वाफ कडेने आत शिरेल, मागचा थर सोडवेल, आणि वर्षाच्या आत आरशाचा तवा होईल. त्या दिवशी हॉटेलवाला तुमच्याच दारी येऊन बसेल, मग झोपा सुखाने. झोपेचे नाव निघताच डुलकीशेठने शरणागती पत्करली. तह जाहला, आणि आरसा मुक्त जाहला.

आता वाहतुकीचा प्रसंग. टेम्पोवाल्याची मसलत ऐसी की, आडवा टाकू, गादी घालू, काही होत नाही. बाईसाहेबांनी हुकूम केला की, जुनी काच आडवी घातली असता आपल्याच भाराने मधोमध मोडते, सबब उभीच जाईल. टेम्पोवाला म्हणाला, "उभा धरणार कोण?" बाईसाहेब म्हणाल्या, "मी." आणि टेम्पोत चढल्या. मग ती स्वारी भर रस्त्याने निघाली, ती ऐसी: टेम्पो गोगलगाईच्या चालीने, बाईसाहेब आरशाच्या पाठीशी आणि आरशाचे तोंड रयतेकडे. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्यात पाहोन केस सारखे केले, एका गृहस्थाने पोट आत घेतले, आणि चौकातल्या वाहतूक हवालदाराने टोपी सरळ करोन सर्व वाहने रोखिली व स्वारीस वाट दिली. इतका मान मंडळीच्या नायिकेसही कधी मिळाला नव्हता. परंतु पाहावे ते सर्वांनी पाहिले; बाईसाहेबांच्या वाट्यास आरशाच्या पाठीच्या फळ्याच आल्या.

घरी येताच बाईसाहेबांनी भिंतींची पाहणी केली. बाहेरची भिंत ओल धरते म्हणून नामंजूर. खिडकीसमोरची ऊन खाते म्हणून नामंजूर. शेगडीजवळची धुरामुळे नामंजूर. मधली भिंत मंजूर होऊन तीत दोन जाड खुंट्या सिमेंटात बसविल्या, आणि सिमेंट धरीपर्यंत आरसा तोंड भिंतीकडे करोन उभा ठेविला. मग बाईसाहेब नवी साखळी आणावयास बाजारी गेल्या. जाताना ताकीद दिली ती एकच की, "पाडू नका." कल्हईवाल्यांनी वचन दिले, आणि ते वचन त्यांनी अखेरपर्यंत पाळिले. पाडिला नाही.

झाले ते ऐसे. पाठीमागची एक फळी सैल दिसली. खिळा पाहावा म्हणून त्यांनी ती उतरविली. आत पाहतात तो काळवंडलेला, पापुद्रे धरलेला थर. चाळीस वर्षांची नजर. त्यांनी मनात म्हटले की, हिने एवढ्या हौसेने आणिला आणि याची तर कल्हई उडाली. ही येण्याआधी जुनी काढून ठेवू आणि नवी चढवून चकित करू. मग काथ्याचा बोळा आला, बारीक राख आली, आणि हात आपल्या चालीने गोल गोल फिरू लागला. थर निघू लागला. कित्येक महिन्यांनी हातास काम मिळाले, सबब कल्हईवाले गुणगुणू लागले. बशीएवढी जागा साफ जाहली. आणि थराखालून तांबे निघावे, तो भिंत निघाली.

कल्हईवाल्यांनी पुन्हा पाहिले. भिंतच. गुणगुणणे बंद जाहले.

तितक्यात जिन्यावर बाईसाहेबांची चाहूल. कल्हईवाल्यांस दुसरे काही सुचेना. त्यांनी आरसा फिरवून सुलटा केला आणि स्वतः त्यामागे दडून, वाकून, तो धरोन उभे राहिले. बाईसाहेब आत आल्या. साखळी हातात. आरशाचे तोंड आपणाकडे पाहताच त्या जागीच थबकल्या, मग पदर सारखा केला, आणि तीस वर्षांची वाट संपवून समोर येऊन उभ्या राहिल्या. वर स्वतःचे मस्तक दिसले, खाली पावले दिसली, आणि छातीच्या मधोमध, बशीएवढ्या खिडकीत, दोन डोळे आणि मिशा दिसल्या.

"अहो, हे काय?"

मिशा हलल्या. "मला वाटलं, कल्हई गेलीय."

"तीस वर्षं सगळ्यांच्या मागे उभी राहिले. आता माझ्या आरशात मी, तर पोटातून तुम्ही बघताय!"

"छातीतून," मिशा हळूच बोलल्या. हे बोलणे चुकले.

मग घरात युद्धबंदी जाहली, परंतु तह नाही. तीन दिवस बाईसाहेब कल्हईवाल्यांशी भांड्यांच्या आवाजाने बोलल्या. आरसा पुन्हा भिंतीकडे तोंड करोन उभा. कल्हईवाल्यांनी घरात एकही वस्तू घासली नाही. चौथ्या दिवशी दाराच्या कडीवर गंज दिसला तरी हात खिशात घातले, यावरून त्यांच्या दुःखाची कल्पना करावी.

मग त्यांनीच शहरातल्या नामांकित काचवाल्यांस बोलाविले. काचवाले आले, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणिला, भोकात डोकावले आणि म्हणाले, "कल्हई नव्हे हो ही, चांदी आहे. कोणी घासली?"

"मीच," कल्हईवाले म्हणाले.

"काम मात्र साफ केलंय."

कल्हईवाल्यांस हे शब्द लागले. मग काचवाल्यांनी दोन मसलती मांडल्या. एक, सगळा जुना थर उतरवून नवी चांदी चढवावी. आरसा लखलखीत, डाग नाही, भोक नाही, जणू काल केला. दुसरी, भोकामागे आरशाचा तुकडा डकवावा. परंतु डिंक आजूबाजूची चांदी खात जाईल. सबब काचवाल्यांनी पहिलीच मसलत पक्की समजून माप घेण्यास फीत काढिली.

तेव्हा कल्हईवाले पुढे जाहले. चाळीस वर्षे ज्यांनी जुने खरवडल्यावाचून नवे चढविले नाही, त्यांनी फितीवर हात ठेविला आणि म्हणाले, "नको. आता आणखी काही काढायचं नाही. तिनं डाग बघून घेतलाय हा."

बाईसाहेबांनी तीन दिवसांनी प्रथम त्यांजकडे पाहिले. "मग भोकाचं काय करायचं?"

"डकवायचं नाही. नुसतं मागे उभं करायचं. काहीतरी चकचकीत."

"काय?"

त्यावर कल्हईवाले पलंगाखाली शिरले. मग भाता निघाला, चिमटा निघाला, नवसागराची डबी निघाली, जी उघडताच काचवाल्यांस तीन शिंका आल्या. तांब्याच्या एका पातळ पत्र्याचा बशीहून अंमळ मोठा तुकडा कापिला. गच्चीत कोळसे पेटले, भाता श्वास घेऊ लागला, पत्रा तापला, नवसागराचा पांढरा धूर उठला, आणि कथील पत्र्यावर पडून पाण्यासारखे पसरले. कल्हईवाल्यांनी कापसाने एकच हात फिरविला. काचवाले, जे फक्त पाहण्यास थांबले होते, म्हणाले, "वा." मग पत्रा थंड करोन, कडेस मऊ कागद देऊन, न चिकटविता, फळीच्या आधाराने भोकामागे बसविला, आणि चांदीस कोठे धक्का लागला नाही.

नंतर खुंट्या तपासल्या, साखळी अडकविली, मागे हवा खेळावी म्हणून चार कोपऱ्यांस बुचाच्या चकत्या दिल्या, आणि आरसा भिंतीवर चढला. तत्क्षणी बाईसाहेबांनी फर्मान काढिले की: आरशावर कोणी फवारा मारू नये, ओल कडेने आत जाते. मऊ कापड पिळून घ्यावे, एकदा फिरवावे, मग कोरडे. महिरपीस कापड लावू नये, कोवळा ब्रश लावावा. आणि पाठीमागे, कारण कोणतेही असो, कल्हईवाल्यांनी जाऊ नये. कल्हईवाल्यांनी फर्मान मस्तकी धरिले. काचवाल्यांनी साक्ष घातली आणि चहा घेऊन गेले.

मग बाईसाहेब म्हणाल्या, "बाजूला व्हा." कल्हईवाले बाजूस जाहले, दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

बाईसाहेब समोर उभ्या राहिल्या. मध्ये कोणी नव्हते. मस्तक, खांदे, हात, पावले, सर्व एकत्र, एकाच वेळी. छातीपाशी बशीएवढी जागा अंमळ धुकट, तेथे कथलाची पांढरी झाक, बाकी स्वच्छ. बहुत वेळ त्या हलल्या नाहीत. दाराबाहेर कल्हईवाल्यांचा धीर सुटत चालिला.

"अहो, माझा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली आहे."

"हो."

"हो काय? कधीपासून?"

"कपडेपटाचं गाठोडं त्याच खांद्यावर घ्यायचीस ना, तेव्हापासून. वीसेक वर्षं झाली असतील."

"आणि एवढ्या वर्षांत बोलला नाहीत?"

"मला वाटलं, तुला ठाऊक असेल."

बाईसाहेबांनी खांदा उचलून पाहिला, सोडून पाहिला, पुन्हा उचलला. मग सोडला तो सोडला. आणि हसल्या, ते हसू कल्हईवाल्यांनी दाराच्या फटीतून पाहिले आणि आत येण्याची परवानगी न मागता तेथेच थांबले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. हस्तगत जाहले त्याची याद: आरसा एक, शिसवी महिरपीचा, फुलासहित व डागांसहित, मध्ये कल्हईचे ठिगळ एक. बाईसाहेब एक, संपूर्ण, डावा खांदा दोन बोटे खाली. दोन्ही तपासून पाहिले. दोन्ही आहेत तैसे कबूल.