चौदाव्या दिवसाची शिंक

बोरसंगम गावात माणूस संगणकावरचं जे सिंथेसायझर सॉफ्टवेअर वापरतो त्याच्याच आवाजात त्याला शिंक येते, आणि नगरपरिषद त्या शिंकेचा रीतसर दाखला देते.

सॉफ्टवेअर दोनच. नदीच्या अलीकडे 'तरंग' आणि पलीकडे 'घुमर'. दोन्हींत पडद्यावरची बटणं फिरवून सनईपासून समुद्रापर्यंत हवा तो आवाज काढता येतो. बाहेरगावच्या माणसाला त्यांतला फरक कळत नाही. गावातल्या माणसाला डोळे मिटून कळतो. तरंगची शिंक खालून हळूहळू चढत येते आणि वर जाऊन फुलते. घुमरची एकदम आदळते आणि मग बराच वेळ घुमत राहते. म्हणून गावातला न्हावी वस्तरा लावण्याआधी नव्या गिऱ्हाइकाला "तुम्ही कुणाचे?" असं विचारून घेतो. ज्यांना वाजवता येत नाही त्यांना घरातल्या कर्त्या माणसाची शिंक लागू होते. तसा नियमच आहे.

सोयरीक अर्थातच ज्या त्या तीरावर होते. लग्न ठरण्याआधी शिंकबघणी असते. मुला-मुलीला चिमूटभर तपकीर देतात, दोघं शिंकतात, आणि नगरपरिषदेच्या बाई वहीत नोंद करतात.

वसिष्ठ कोष्टी हा अलीकडच्या तीरावरचा चोवीस वर्षांचा मुलगा. बापू कडग्यांच्या बँजो पार्टीला तो वरातीच्या चाली बांधून द्यायचा. बोलायचा कमी आणि लाजायचा जास्त. दर गुरुवारी तरंग मंडळाच्या हॉलमध्ये सगळ्यांबरोबर उभं राहून तो मोठं बटण डावीकडून उजवीकडे फिरवायचा. नवीन अपडेट येणार असली, की हिरवी पट्टी पूर्ण भरेपर्यंत पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. एकदा ती पट्टी नव्व्याण्णव टक्क्यांवर दीड दिवस अडकली होती. तेव्हा चक्कर येऊन पडलेल्या तिघांत वसिष्ठ होता. ते बघूनच मंडळाचे अध्यक्ष नरहरी तारळेकर, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, आपली केतकी त्याला द्यायला तयार झाले. अण्णांचा तरंगचा लायसन नंबर एकोणीस, म्हणजे गावात ते घेणारे एकोणिसावे. दारावरच्या पाटीवर आधी नंबर कोरलेला होता आणि मग नाव.

वसिष्ठला केतकी मनापासून आवडायची. गुरुवारी सगळे डोळे मिटून बटण फिरवत असताना ती एक डोळा किलकिला ठेवायची, हे त्याला माहीत होतं. कारण त्याचाही एक डोळा किलकिला असायचा.

आणि अशा वेळी त्याने घुमरचा डेमो उतरवून घेतला.

कारण साधं होतं. तरंगमधली पितळी वाद्यं कोरडी वाजतात. पलीकडच्या तीरावरच्या एका वरातीत त्याने घुमरचं 'ओलं पितळ' ऐकलं. तुतारी नदीत बुचकळून काढावी आणि लगेच फुंकावी, तसा तो आवाज होता. वसिष्ठला तीन दिवस जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, त्याने दाराला कडी घातली आणि चौदा दिवसांचा फुकट डेमो चालू केला. संध्याकाळी त्याच आवाजातली चाल बापूंनी वरातीत वाजवली. नवरदेवाचा घोडा मागच्या दोन पायांवर गोल फिरला आणि फिरून झाल्यावर त्याने मान लववली.

गुरुवारी हॉलबाहेर चपला शोधताना केतकीने त्याला गाठलं.

"रविवारच्या वरातीत ते पितळ कुठलं होतं हो?"

"तरंगचंच," वसिष्ठ चपलेकडे बघत म्हणाला.

"हो का," केतकी म्हणाली. "फारच ओलं वाटलं."

घरी पोचताच त्याला शिंक आली. ती आदळली आणि बराच वेळ घुमत राहिली. त्याने डोकं गोधडीत खुपसलं. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "पलीकडच्यांचा आवाज आज फार जवळून येतोय बाई. वारा फिरला वाटतं."

त्याच संध्याकाळी अण्णांचा निरोप आला. शिंकबघणी येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी, सकाळी अकरा वाजता.

वसिष्ठने बापूंचं घर गाठलं. बापू अंगणात बँजोच्या तारा पुसत होते. सगळं ऐकल्यावर त्यांनी फडकं खाली ठेवलं.

"लेका, काय केलंस हे! काढून टाक की ते आधी."

"काढलं, बापू. पण शिंक जात नाही. मुदत संपेपर्यंत ती अंगात राहते."

"संपते कधी?"

"त्या रविवारी. अकरा वाजून वीस मिनिटांनी."

"आणि बघणी?"

"अकराला."

बापूंनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे वीस मिनिटं नाक आवरायचं. एकविसाव्या मिनिटाला तू पुन्हा तरंगचा. सोपं आहे! मी तीस वर्षं वरातीच्या धुरळ्यात उभा आहे, पण वाजवताना कधी शिंकलो नाही. ये रोज सकाळी."

आणि खरंच, रोज सकाळी बापूंची बायको चुलीवर सुक्या मिरच्या भाजायची आणि वसिष्ठ धुरात ताठ बसायचा. जीभ टाळूला लावायची, डाव्या पायाचा अंगठा मुडपायचा आणि मनात कारल्याचा विचार करायचा, अशी ती विद्या होती. शनिवारी तो बावीस मिनिटांवर पोचला. बापूंच्या डोळ्यांत पाणी आलं. मिरच्यांचंही असेल.

रविवारी हॉल गच्च भरला होता. मधोमध टेबल, टेबलावर तपकिरीची चांदीची डबी, आणि मागे नगरपरिषदेच्या शिंक-नोंदणी कक्षातल्या ढवळीकर बाई. वही उघडून त्यांनी रेघ ओढली.

"वर वसिष्ठ कोष्टी. अर्जाप्रमाणे तरंग. बरोबर ना?"

"बरोबर," अण्णा म्हणाले आणि त्यांनी वसिष्ठच्या तळहातावर चिमूट ठेवली. "घ्या."

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून तीन मिनिटं झाली होती. वसिष्ठने तपकीर ओढली.

जीभ टाळूला. अंगठा मुडपलेला. कारलं.

अकरा सहाला त्याचे कान लाल झाले. अकरा नऊला डोळ्यांतून धार लागली. लोक कुजबुजू लागले.

"येत नाही का?" ढवळीकर बाईंनी विचारलं. "सर्दी वगैरे आहे? तसं असेल तर वेगळा अर्ज लागतो."

वसिष्ठने नकारार्थी मान हलवली. तोंड उघडायची सोय नव्हती.

"पोराच्या मनात भक्ती दाटून आली आहे," बापू मागून ओरडले. "घाई करू नका!"

अण्णांना ते पटलं. "खरं आहे. शिंक चढू द्यावी. हल्लीची पोरं लगेच शिंकून मोकळी होतात." त्यांनी कौतुकाने आणखी एक चिमूट ठेवली. वसिष्ठला तीही ओढावी लागली.

अकरा चौदाला त्याला समोरच्या माणसांच्या जागी कारली दिसू लागली. अकरा सतराला तो थरथरत खुर्चीसकट टेबलाकडे सरकू लागला, आणि ढवळीकर बाईंनी शांतपणे दौत उचलून बाजूला ठेवली. फक्त केतकी त्याच्याकडे न बघता घड्याळाकडे बघत होती, आणि तिचे ओठ मोजत होते.

अकरा वीस. वसिष्ठने अंगठा सोडला.

त्याचं तोंड उघडलं, मान मागे गेली, छाती भरली, आणि शिंकेच्या ऐवजी त्याच्या तोंडातून एका बाईचा गोड आवाज आला.

"आपली घुमरची चौदा दिवसांची मुदत संपली आहे. विकत घ्यायचं का? होय की नाही?"

वसिष्ठ तसाच, मान मागे टाकून, आ वासून थिजला होता. उत्तर मिळाल्याशिवाय तोंड मिटत नव्हतं, आणि तोंड मिटल्याशिवाय त्याला उत्तर देता येत नव्हतं. बापूंनी कपाळाला हात लावला. हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"आपली घुमरची चौदा दिवसांची मुदत संपली आहे," बाई पुन्हा म्हणाली.

"कुणीतरी 'नाही' म्हणा हो तिला!" वसिष्ठची आई कळवळली.

पण कोण म्हणणार? तरंगच्या माणसाने घुमरशी बोलायचं नाही, हा मंडळाचा पहिला नियम. आणि शिवाय पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने आठवण करून दिली, की 'नाही' म्हटलं तर ती कारण विचारते, कारण दिलं की नाव-पत्ता विचारते. त्याच्या साडूचं तोंड तसंच सात दिवस उघडं होतं.

एक माशी येऊन वसिष्ठच्या ओठाभोवती फिरू लागली. अण्णांनी उभं राहून मान दुसरीकडे वळवली. "सोयरीक मोडली. चला, केतकी."

केतकी उठली. दाराकडे न जाता ती वसिष्ठसमोर येऊन उभी राहिली, त्याच्या उघड्या तोंडाशी वाकली आणि रोजच्या ओळखीच्या बाईशी बोलावं तशी म्हणाली, "नंतर."

"ठीक आहे," बाई म्हणाली.

आणि मग शिंक आली. खालून, अगदी फरशीखालून चढत आली, खुर्च्यांचे पाय गुणगुणले, डबीचं झाकण उडालं, आणि वर पत्र्यापाशी जाऊन ती अशी काही फुलली, की पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याने टाळी वाजवली. शंभर टक्के तरंग. फक्त शेवटी, अगदी टोकाला, काहीतरी ओलं होतं.

वसिष्ठने तोंड मिटलं.

"केतकी," अण्णा हळू आवाजात म्हणाले, "तिने होय की नाही एवढंच विचारलं होतं. 'नंतर' म्हटलेलं चालतं, हे तुला कसं माहीत?"

"मलाही दर महिन्याला विचारते ती, अण्णा. संगणकात माझं 'नंतर' भरून ठेवलंय, ते वाजवते. तीन वर्षं झाली."

अण्णा खाली बसले. पाटीवरचा एकोणीस नंबर त्यांच्या चेहऱ्यावरून पुसट झाल्यासारखा वाटला. मग त्यांनी डबी मुलीपुढे सरकवली. केतकीने तपकीर ओढली. तिची शिंकही तशीच चढली, तशीच फुलली, आणि टोकाला तशीच ओली झाली. वसिष्ठची अजून पत्र्याखाली रेंगाळत होती. दोन्ही एकमेकींना लागल्या आणि हॉलमध्ये असा सूर उभा राहिला, जो कुठल्याही तीरावर कुणी ऐकला नव्हता. खिडकीबाहेर कुणाचा तरी घोडा गोल फिरला.

अण्णा डोळे मिटून ऐकत होते. तीस वर्षं ते लोकांना चांगला आवाज कुठला ते सांगत आले होते, आणि कान काही खोटं बोलू देत नव्हते.

"पुन्हा," ते म्हणाले.

"कशासाठी?" ढवळीकर बाईंनी विचारलं.

"नोंदीसाठी."

डबी संपेपर्यंत नोंद चालली. वसिष्ठ आणि केतकी हसत शिंकत होते आणि शिंकत हसत होते, बापूंना राहवेना म्हणून त्यांनी बँजो धरला, आणि मंडळातले गंभीर लोक खुर्च्या बाजूला सारून नाचू लागले. नाचून झाल्यावर ते पुन्हा गंभीर झाले.

"आता सांगा," अण्णा घाम पुसत म्हणाले, "यांना कुणाचे म्हणायचं?"

ढवळीकर बाईंनी नियमांचं पान उलटलं. "जो विकत घेतो, तो त्याचा. यांनी घुमर विकत घेतलंय?"

"नाही."

"मग तरंग. सही करा."

"पण पुढे घेतलं तर?"

"आज घेतलेलं नाही. माझ्या वहीत आजचीच तारीख असते."

अण्णांनी सही केली. मात्र एक अट घातली, आणि ती लग्नात भटजींनी मंत्रांच्या शेवटी रीतसर वदवून घेतली. घुमरच्या बाईला जन्मभर 'होय' म्हणायचं नाही आणि 'नाही'ही म्हणायचं नाही.

आता कोष्ट्यांच्या घरी दर महिन्याला एकदा सकाळी चहाच्या आधी वसिष्ठला शिंक येते. तो मान मागे टाकतो आणि आ वासून थांबतो. बाई गोड आवाजात विचारते. केतकी स्वयंपाकघरात पोळी उलटत असते. कधी ती लगेच उत्तर देते, कधी भांडण झालेलं असलं तर दोन पोळ्या होऊ देते.

"नंतर," ती म्हणते.

"ठीक आहे," बाई म्हणते, आणि भांडी गुणगुणू लागतात.