मूषक मेजावर राहिला त्याची बखर

श्री मोरया. ज्याची स्वारी मूषकावर सुखरूप चालते, आणि ज्याच्याखेरीज कोणाची चालत नाही, त्या गणरायास आधी नमन. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, आश्विन मास, पावसाळा सरून गडांच्या वाटा मोकळ्या जाहल्या, ते समयी अमुक एका दौलतीत जे वर्तमान गुदरले ते हुजूरच्या आज्ञेवरून लिहिले आहे. हुजूर कोण हे पुसू नये. आज्ञा झाली नसती तरी लिहिलेच असते.

दौलत कशाची, तर शहरच्या लोकांस सुट्टीच्या दिवशी गडावर न्यावे, पिठले-भाकरी चारावी, बुरुजावर फोटो काढू द्यावेत आणि धडधाकट घरी पोहोचवावे, एवढाच तिचा राज्यकारभार. तख्तावर सरकार उदाजीराव. खासे धिप्पाड, मिशा भारदस्त, मन मोठे, आणि यंत्राची समज ऐसी की फोन अडला म्हणजे त्यास हातात धरून गदागदा हलवीत आणि चालू झाला म्हणजे आपल्या हातास यश आहे म्हणत. त्यांचे फडावर केदारपंत निमकर म्हणून वेबनवीस होते. दौलतीची वेबसाइट पंतांनीच उभारिली होती आणि तिजवर त्यांचा जीव पोटच्या लेकरासारखा होता. पंतांच्या मेजावर एक काळा मूषक असे, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. त्यावर तळहात ठेवून पंत बसले म्हणजे घोड्यावर मांड ठोकल्याचा डौल त्यांचे मुद्रेवर येई. जेथे मूषक न्यावा तेथे काही उमलावे, काही सरकावे, काही लकाकावे, ऐसी त्यांची कारागिरी. पानाच्या माथ्यावरील दौलतीच्या मुद्रेवर मूषक नेला की तिच्या आडून 'मदत' असे तांबडे बटण अलगद बाहेर येई. कोणी विचारिले की बटण आधीपासून का दिसत नाही, तर पंत हसून म्हणत, "सगळं उघडं टाकलं तर मग नजाकत काय राहिली?" नजाकतीपुढे बोलावयास फडात कोणाची छाती नव्हती.

मग एके दिवशी सरकार एका लग्नास गेले. तेथे शेजारच्या दौलतीचे धनी पंगतीत शेजारीच बसले, आणि त्यांनी उजव्या हाताने मठ्ठा पीत डाव्या हाताने फोन काढून आपले नवे ॲप दाखविले, आणि सरकारांची जिलबी घशात अडकली. परत येताच दरबार भरविला आणि आज्ञा केली की आपलेही ॲप पाहिजे, दिवाळीचे आत पाहिजे. त्यावर बाहेरून दोन नामांकित सरदार बोलाविले. त्यांनी अर्ज केला की, महाराज, फोनांचे मुलूख दोन. एकाच्या निशाणावर चावलेले फळ, दुसऱ्याच्या निशाणावर हिरवा बाहुला. दोहोंची भाषा वेगळी, रीत वेगळी. तेव्हा दोन फौजा उभाराव्या, दोनदा लिहावे, याचे नाव नेटिव्ह, आणि दिवाळी विसरावी, फार तर गुढीपाडव्यापर्यंत पाहू. सरकारांनी मिशीवर हात फिरवून कारभाऱ्यांस पुसिले की एवढ्या फौजा पोसावयाच्या कशा. कारभारी म्हणाले, पंतांच्या पागेस, म्हणजे त्यांच्या हाताखालच्या मंडळीस, निरोप द्यावा म्हणजे जागा होते.

हे केदारपंतांनी ऐकिले. पागेत एकाचे लग्न ठरलेले, एकीचे बाळंतपण तोंडावर आलेले, आणि सारे पंतांच्या शब्दावर या दौलतीत राहिलेले. मग पंत उठले आणि भर दरबारात विडा उचलून बोलिले, "सरकार, फौजा कशाला? माझी वेबसाइट आहेच. तिच्यावर फोनाचं कवच चढवतो आणि दोन्ही मुलखांत पाठवतो. एकदा लिहायचं, दोन्हीकडे चालवायचं. याला हायब्रिड म्हणतात." सरदार एकमेकांकडे पाहून हसले. सरकारांस नाव समजले नाही, परंतु दिवाळीचे आत हे समजले, आणि त्यांनी फर्माविले की, बरे तर, चालले तर पागा कायम, फसले तर हे सरदार आहेतच.

मग पंत कामास लागले आणि कवच चढविले आणि पारखावयास बसले. आता पारखण्याची रीत पाहावी. फोन हाती घ्यावा आणि अंगठ्याने चालवावा, ही झाली अडाणी रीत. पंत मेजावर बसून ब्राउझरची खिडकी दोन्ही बाजूंनी आवळीत, आवळीत, फोनाएवढी अरुंद करीत, आणि तिजवर मूषक फिरवून म्हणत, "हा झाला फोन." ही रीत एकट्या पंतांची नव्हे, त्यांच्या अवघ्या ज्ञातीची आहे, आणि तीत कोणास पाप वाटत नाही. पागेत तनुजाबाई पेडणेकर म्हणून परीक्षक होत्या. दुसऱ्याच्या कामातील खोट शोधणे हाच त्यांचा हुद्दा, आणि स्वभावही तोच. त्या खुर्चीमागे उभ्या राहून म्हणाल्या, "अहो पंत, हा फोन नाहीये, ही बारीक झालेली खिडकी आहे. गडावर नेऊन बघूया ना एकदा." पंत म्हणाले, "इथे दिसतं तेच तिथे दिसणार." बाई म्हणाल्या, "तिथे रेंज नसते. तुमची सगळी पानं तर सर्व्हरवरून येतात." पंत म्हणाले, "हल्ली रेंज सगळीकडे असते हो." हे बोलताना फडातील वायफाय त्यांच्या डोईवर लुकलुकत होते.

हिरव्या बाहुल्याच्या मुलखात ॲप सुखरूप गेले. फळवाल्यांच्या वेशीवर मात्र अडले. वेशीवरील पहारेकरी मोठे चौकस. त्यांनी उलटसुलट करून पाहिले आणि माघारी धाडिले, की ही तर वेबसाइट आहे, टोपी घालून आली आहे, फोनाचे म्हणून हिच्यात काय आहे ते दाखवा. पंत फार चिडले आणि एक दिवस जेवले नाहीत. मग निव्वळ पहारेकऱ्यांचे तोंड बंद करावे म्हणून एक युक्ती घातली, की फोन जोराने हलविला असता शिंग वाजावे. शिंगाचा आवाज तेवढा त्यांनी फोनाच्या पोटातच भरून ठेविला. पंतांस त्या शिंगाची इतकी लाज वाटे की त्यांनी ते कोणास सांगितलेही नाही. पहारेकऱ्यांनी फोन हलविला, शिंग ऐकिले, संतोष पावले आणि वेस उघडली.

मग कार्तिक मासी सरकारांनी ॲपचे उद्घाटन खास गडावर करावयाचे ठरविले, पाहुणे बोलाविले, हार-नारळ घेतले आणि कूच केले. दोन्ही सरदारही मौज पाहावयास आले. पायथ्याशी सरकारांनी फोन काढून ॲप उघडिले, गडाचे चित्र झळकले, सर्वांनी वाहवा केली, आणि पंतांचे ऊर भरून आले. पुढे चढण लागताच पाहुण्यांस आणि सरदारांस धाप लागली आणि ते तनुजाबाईंचे सोबत खालच्या दरवाजात सावलीस बसले. सरकारांस चढाचा हुरूप, ते पुढे निघाले, आणि मागोमाग पंत. पंतांचे नवे पांढरे बूट पाहून वाटेतील गुराख्यांस फार करमणूक जाहली.

वर कातळात खोदलेले पाण्याचे टाके आहे. त्याच्या काठाशी शेवाळ, आणि पलीकडे उतार, आणि उताराखाली काही नाही. सरकार टाके दाखवावयास वळले, पाय सरला, घोटा मुरगळला, आणि खासे धिप्पाड असल्याकारणे उताराकडेच घसरले. पंतांनी झेप घेऊन त्यांच्या पाठपिशवीचा पट्टा धरिला आणि स्वतः पालथे पडून एका दगडास पाय अडकविले. आता पट्टा सोडून मदत आणावयास जावे तर सरकार जातात, आणि न जावे तर मदत येत नाही. फोन लावावा तर रेंजची एक काडी नाही. पंतांनी हाका मारिल्या, परंतु पंतांचा आवाज फडात वाढलेला, तो टाक्यापलीकडे गेला नाही.

सरकारांचे दरबारी बोलणे तेथेच गळून पडले. ते ओरडिले, "आरं पंत, पाय गेला माझा! कर की कायतरी!"

"सरकार, घाबरू नका. ॲप आहे. तुमच्या हातात फोन आहे ना? 'मदत' दाबा."

"मदत कुठं हाय? हितं गडाचं चित्र हाय नुसतं."

"आपल्या मुद्रेवर मूषक न्या, की लगेच..." एवढे बोलून पंत थांबले.

"काय नेऊ?"

"मूषक."

"कुठं हाय तो?"

पंत अगदी हळू बोलिले, "मेजावर राहिला."

मग सरकारांनी मुद्रेवर बोट टेकविले. बोटाची जात ऐसी, की ते टेकते किंवा टेकत नाही. वर नुसते तरंगत राहून बटण बाहेर काढणे हे मूषकास जमते, बोटास जमत नाही. मुद्रा दाबली जाऊन मुख्य पान मागवू लागली, पान दूरच्या सर्व्हरवर, रेंज नाही, आणि फोन कोऱ्या कागदासारखा पांढरा पडला. सरकार म्हणाले, "पंत, पांढरं झालं सगळं." त्या क्षणी पंतांस पागा आठवली नाही, विडा आठवला नाही, सरदार आठवले नाहीत. आपण एका माणसास बटण दिले आणि ते लपवून दिले, एवढेच मनात आले, आणि त्यांस रडू कोसळले. पट्टा मात्र सोडिला नाही.

सरकारांस राग आला, आणि राग आला म्हणजे फोन हलविणे ही त्यांची रीत. त्यांनी फोन गदागदा हलविला. त्यासरशी शिंग वाजले. ऐसे वाजले की कातळांत घुमत खालच्या दरवाजापर्यंत गेले. सरकार दचकले, पंतही दचकले, कारण घातल्यापासून त्यांनीही ते कधी ऐकिले नव्हते. तनुजाबाईंनी खाली शिंग ऐकिले आणि म्हणाल्या, "गडावर शिंग? हे आपलंच काहीतरी बिघडलंय," आणि दोर घेऊन, दोन्ही सरदारांस पुढे घालून धावत निघाल्या. शिंगाच्या रोखाने आल्या आणि सरकारांस वर ओढिले. सरदारांची अंगे चिखलात माखली. त्यांनी नेटिव्ह बळ लाविले हे येथे कबूल केले पाहिजे.

मग टाक्याकाठीच दरबार भरला. सरकारांचा पाय सुजून भोपळा जाहला होता. सरदार म्हणाले, "आम्ही सांगितलंच होतं. एकदा लिहून दोन्हीकडे चालत नसतं." पंत उभे राहिले, बूट काळे, डोळे लाल, आणि बोलिले, "चालतं. त्यात खोट नाही. जे फोनाच्या पोटात ठेवलं ते चाललं, आणि जे मी माझ्या मेजावर ठेवलं ते नाही चाललं. पागेला निरोप देऊ नका, मला द्या." सरकारांनी पुसिले, "पंत, खरं सांगा. ह्यो गड आधी कवा चढलाय का?" पंत म्हणाले, "नाही." "दुसरा कुठला?" पंत खाली पाहू लागले. सरकारांनी त्यांच्या बुटांकडे पाहिले. मग निवाडा केला की, पंतांचा मूषक जप्त करावा, ॲप पुन्हा बांधावे, आणि बांधून झाल्यावर पंतांनी याच टाक्याशी एकटे बसून ॲपवरून मदत मागावी. खालच्या दरवाजात ती पोहोचली तर पागा कायम.

मग पंतांनी ॲप पुन्हा बांधिले. गडांची पाने, नकाशे, सारे फोनाच्या पोटात भरले. 'मदत' हे बटण मधोमध, तांबडे, भाकरीएवढे केले, आणि ते दाबिले की शिंग वाजे. तनुजाबाईंनी ते ओल्या हाताने, चिखलाच्या हाताने, भर उन्हात, हातमोजे घालून दाबून पाहिले आणि नाइलाजाने बरे म्हणाल्या.

ठरल्या दिवशी सारे गडावर गेले. सरकार काठी टेकीत खालच्या दरवाजात बसले, पागा त्यांच्याभोवती बसली, आणि कोणी कोणाकडे पाहीना. पंत एकटे वर गेले, टाक्याशी बसले, घामाने भिजलेला अंगठा टेकविला आणि डोळे मिटिले. शिंग वाजले. खाली दरवाजात पागेने ऐसी आरोळी ठोकिली की माकडे पळाली, आणि जिचे बाळंतपण होऊन गेले होते ती बाई तान्ह्या लेकरास उंच धरून नाचली. सरकार काठी विसरून तनुजाबाईंसह वर चढले आणि पंतांस पोटाशी धरून म्हणाले, "पोचलं, पंत, पोचलं! पागा कायम! आता बंद करा ते."

पंतांचा चेहरा उतरला. तनुजाबाईंनी तो पाहिला आणि त्या जागीच थबकल्या. त्या म्हणाल्या, "पंत, बंद करायचं बटण कुठे आहे? काल तर नव्हतं ते." पंत म्हणाले, "आज सकाळी निघता निघता मुद्रेआड घातलं. किरकोळ काम होतं. खिडकी आवळून बघितलंही." बाई म्हणाल्या, "अहो, पण मूषक तर जप्त आहे!" पंत म्हणाले, "शेजारच्या मेजावरचा घेतला." फोन हलवून पाहावे तर शिंग दुप्पट वाजे. शेवटी सरकारांनी फोन पंतांच्या हातून घेतला आणि टाक्यात टाकिला. तो पाण्यात टिकणाऱ्या जातीचा निघाला.

सारांश इतकाच. सरकारांचा पाय बरा आहे, पागा जागेवर आहे, सरदार त्याच पागेत चाकरीस राहिले असून पंतांस पंत म्हणतात. फडातील सर्व मूषक हुजुरांच्या कपाटात कुलपात आहेत. टाक्याच्या पाण्यातून शिंग सायंकाळपर्यंत ऐकू येत होते, आणि तेवढा वेळ केदारपंत काठावर हात जोडून बसले होते.