कायसारखा वास

खोब्रागडे सर पंगतीत बसले की आधी पानावरून हात फिरवतात. पातोडीच्या रश्श्यावरची वाफ पंजाने अलगद नाकाकडे ओढतात, डोळे मिटतात आणि मगच पहिला घास घेतात. कोंढ्याच्या एका लग्नात शेजारच्या म्हातारीने हे पाहिलं आणि मांडीवरचा नातू त्यांच्यापुढे धरला.

"मास्तर, नजर काढूनच राहिले त याचीबी काढून द्या."

सरांनी नातवावरूनही हात फिरवला. नाही म्हणायचं त्यांना जमत नाही.

दिघोरीच्या शाळेत सर रसायनशास्त्र शिकवायचे, मी मराठी. बाटलीला थेट नाक लावायचं नाही, हाताने हवा ओढून वास घ्यायचा, हा प्रयोगशाळेचा नियम त्यांनी इतकी वर्षं शिकवला की तो त्यांच्या हातातच मुरला. चहा असो की नवं पुस्तक, समोर आलं की हात हलायचाच. आम्ही हसायचो. ते हसू द्यायचे.

आमची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आणि दोन टेबलं. त्यामुळे सरांचं सामान बाजारातलं. पानठेल्यावरचा चुना आणि कल्हईवाल्याकडचा नवसागर ते वाटीत एकत्र घोटायला लावायचे. अमोनिया सुटला की पोरं नाकं मुरडून मागे सरायची आणि सर पुढे यायचे.

"कसा येते वास?"

"घाण, सर."

"घाण त मीबी म्हणू शकतो. कायसारखा?"

"बकऱ्यायच्या कोठ्यासारखा."

"कोनत्या टायमाच्या? सकाळी झाडून काढाच्या आंधी का मांगून?"

पोरगं विचारात पडायचं. एकदा नासक्या अंड्याच्या वासाचा वायू सोडला, तर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "उन्हाळ्यात तलाव आटला का गाळ काढतेत, तसा." सर दिवसभर ते वाक्य सगळ्यांना सांगत फिरले. मला मनातून जरा लागलंच. उपमा शिकवायचो मी आणि पोरं त्या नेऊन द्यायची रसायनाच्या तासाला.

मात्र वासाच्या बाबतीत खोटं त्यांना चालत नसे. शेजाऱ्याचं ऐकून कोणी काही ठोकून दिलं की सर त्याला पुन्हा वाटीपाशी उभं करायचे. "आला तोच सांगजा. नाही आला त नाही म्हन. नाही म्हननं बी उत्तरच हाय."

त्यांचा लाडका प्रयोग कापराचा. वर्गातला पंखा बंद करून टेबलावर कापूर तापवायचा आणि ज्याच्यापर्यंत वास पोचेल त्याने हात वर करायचा. पहिला बाक, दुसरा बाक, असे हात उठत उठत भिंतीपर्यंत जायचे. सर फळ्यापाशी उभे राहून त्या हातांकडे असे पाहायचे की मला वाटायचं, हा माणूस कापराच्या नादाने वेडा होणार.

मग एके दिवशी शिपाई स्टाफरूमच्या शेगडीवर दूध ठेवून बाहेर गेला. मी आलो तेव्हा दूध करपून भांड्याचा तळ काळा पडला होता, आणि शेगडीकडे पाठ करून सर शांतपणे पेपर तपासत बसले होते.

"सर, वास नाही आला?"

"नाही येत." त्यांनी पेन खाली ठेवलं. "कोरोनात गेला, वापस नाही आला. आमची हीबी तवाच गेली. दवाखान्यातून मी एकटाच आलो. दरवाजा उघडला, त घराले घराचा वासच नाही."

 'कायसारखा' हा प्रश्न आम्ही त्यांच्या तोंडी ऐकू लागलो तो कोरोनानंतरच, हे मला तेव्हा कळलं.

मग ते म्हणाले, "तिचं एक पातळ पेटीत ठेवलं हाय. धुतलं नाही. नाक वापस आलं का बाहेर काढीन."

नाक काही परत आलं नाही. सर निवृत्त झाले. मुलगा नागपूरला घेऊन जायला आला, त्याच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी मला घरी बोलावलं. सामान बांधून झालं होतं. खोलीच्या मध्यभागी ती पेटी होती.

"तुमी एकदा पाहून द्या. हाय का अजून, मले सांगा. तुमी मराठीचे, तुमाले बराबर सांगता येईन."

त्यांनी झाकण उघडलं. मी त्यांच्यासारखाच पंजाने हवा ओढली. मग खाली वाकलो, नियम मोडून हिरव्या पातळाला नाकच लावलं. वास आला तो डांबरगोळ्यांचा. दुसरा कुठलाच नाही. पेटीच्या कोपऱ्यांत झिजून झिजून शेंगदाण्याएवढ्या उरलेल्या गोळ्या होत्या. वहिनींच्या हातचा चहा मी इतक्या वेळा प्यायलो होतो, एक खोटं बोलायला काय लागत होतं? पण सर माझ्याकडे पाहत होते.

"आला तोच सांगजा, सर," ते मला म्हणाले.

 माझी नजर कोपऱ्याकडे गेली आणि तिच्यामागून त्यांची.

"कसर लागू नये म्हनून टाकल्या होत्या," ते म्हणाले. "दर पावसाळ्यात नव्या टाकल्या." त्यांनी एक गोळी उचलली, तिच्यावरून हात फिरवला आणि वाट पाहिली. "वास आला असता त पह्यल्याच दिवशी काढल्या असत्या."

ते पेटीच्या कडेला बसले. मला फार वाईट वाटलं. मी त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला.

"सर, वहिनींचा वास कसा होता?"

"चांगला होता."

"चांगला तर मीही म्हणेन. कायसारखा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मोहफुलं वाळू घातल्यावर..." ते थांबले. "नाही. थो आंगनाचा. तिचा दुसरा होता. धान उकडताना पह्यली वाफ येते ना, तशी. आन् त्याच्यात थोडं..."

पुढचा शब्द सापडेना. त्यांचा हात आपोआप वर आला आणि रिकामी हवा हळूहळू नाकाकडे ओढू लागला.

"थांबा सर," ते म्हणाले. "सांगतो. बराबर सांगतो."

मी पेटीच्या दुसऱ्या कडेला बसलो.