पॅसिफिक पार्कमधला आग्रह

कोल्हापुरातल्या पॅसिफिक पार्क या इमारतीत शांतता नाही, ही गंभीर बाब सोसायटीचे अध्यक्ष हंबीरराव यांच्या लक्षात फार उशिरा आली. तोवर पॅसिफिक हे बिल्डरच्या सासुरवाडीचं आडनाव असावं, अशी रहिवाशांची समजूत होती. तो एक महासागर असून त्या शब्दाचा अर्थ शांत असा होतो, हे हंबीररावांना त्यांच्या मुलीनं, राजनंदिनीनं, सहज सांगितलं. हंबीरराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पाण्याशी संबंधित कोणतीही गोष्ट ते हलक्यात घेत नसत.

"नाव शांत आणि जिन्यात बोंबाबोंब! ही सभासदांची फसवणूक हाय," असं त्यांनी सर्वसाधारण सभेत माईकवरून बजावलं. शांततेचा ठराव सभासदांनी इतक्या जोरात "मंजूर हाय!" म्हणून संमत केला, की पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागली.

लगेच शांतता उपसमिती नेमण्यात आली. सचिव मल्लेश यांचं कापडाचं दुकान होतं, पण त्यांच्या मोबाईलवर आवाज मोजायची सोय होती, म्हणून उपसमिती त्यांच्याकडे गेली. आवाज वाढला की मोबाईल लाल व्हायचा. आधी गाड्यांचे हॉर्न बंद झाले. मग कुकरच्या शिट्ट्या. मग ठेच्याचे खलबत्ते. गॅलरीतून "जेवलासा का?" असं विचारणं हे उत्तराची अपेक्षा निर्माण करून पुढील आवाजास कारणीभूत ठरत असल्यानं तेही निषिद्ध झालं. भांडणं ग्रुपवर टाइप करून करावीत, मात्र उद्गारचिन्ह एकच वापरावं, असा खुलासा नंतर निघाला.

"आबा," राजनंदिनी म्हणाली, "ज्यानं त्या समुद्राला नाव दिलं, त्यो तिथनं गेला तवा वारा पडला होता. एरवी मोठी वादळं तिथंच होत्यात."

"मग त्यांच्याकडं उपसमिती नसंल," हंबीरराव म्हणाले.

अशातच राजनंदिनीला बघायला नेसरीचे पाहुणे यायचं ठरलं. मुलगा सम्राट शिरोलीच्या एका कारखान्यात इंजिनियर. दोघांची ओळख फुटबॉलच्या मॅचला झालेली. गोल झाल्यावर ती ओरडली, तेव्हा त्यानं मॅच सोडून मागं वळून पाहिलं होतं. तिला तो मनापासून आवडला होता. आता फक्त त्याच्या वडिलांनी, गणपतरावांनी, होकार द्यायचा होता.

अध्यक्षांचं घर आदर्श असावं, म्हणून मल्लेश मोबाईल घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. ताटं वाढली. तांबडा, पांढरा, सुकं मटण, सगळं होतं. गणपतरावांनी पहिल्या वाटीनंतर रीतीप्रमाणे ताटावर हात आडवा धरला. आपल्याकडे हा नकार नसतो, ही सुरुवात असते. यजमानानं "असं कसं, असं कसं!" म्हणत हात बाजूला सारायचा, पाहुण्यानं "बास बास" ओरडायचं, आणि या झटापटीत दोन वाट्या आणखी संपवायच्या.

हंबीररावांच्या पत्नीनं, संयोगिताबाईंनी, पळी उचलली आणि नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं मल्लेशकडे पाहिलं. मल्लेशनं नकारार्थी मान हलवली. मग हंबीररावांनी तयार ठेवलेली पाटी पुढे सरकवली: 'आणखी घ्यावे, ही नम्र विनंती. हुकमावरून.'

गणपतरावांनी पाटी दोनदा वाचली, हात धुतले आणि म्हणाले, "येतो आम्ही."

हंबीररावांनी नियमानुसार नुसते हात जोडले.

खाली फाटकापाशी गणपतराव मुलाला म्हणाले, "पोरगी चांगली हाय रं. पर आपण त्यास्नी नको झालतो. बसा म्हणाय कुणाचं तोंड उघडलं न्हाय." सम्राट मान खाली घालून गाडीकडे निघाला.

गॅलरीतून राजनंदिनी हे बघत होती. उपसमितीची परवानगी घ्यायला वेळ नव्हता.

"ओ पावणं!" ती ओरडली. "अर्धपोटी कुठं चाललासा? रस्सा गरम हाय! फिरा माघारी, न्हायतर मी येतो खाली वडत न्यायला!"

मल्लेशचा मोबाईल लाल झाला आणि बंदच पडला. सम्राटनं पुन्हा एकदा मागं वळून पाहिलं. गणपतरावांनी वर बघत मिशीवर हात फिरवला. "व्हय की! हितं माणसं ऱ्हात्यात म्हणायचं!" असं म्हणून ते जिना चढायलाही लागले. संध्याकाळपर्यंत जेवण आणि सोयरीक, दोन्ही आटोपलं.

उपसमितीची तातडीची बैठक झाली. शांततेचा नियम कायम ठेवून मंगलकार्यानिमित्त अध्यक्षांच्या घराला त्यातून वगळण्यात आलं.

एक गोष्ट सांगायची राहिली. पाहुणे अर्धपोटी निघाले, तेव्हा इमारतीतल्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. राजनंदिनीशिवाय एकानंही त्यांना हाक मारली नाही. सगळे मोबाईलवर व्हिडिओ काढत होते. तो व्हिडिओ तुम्हालाही आला असेल. घरात कुणाला त्रास नको म्हणून तुम्ही तो आवाज बंद करून पाहिला असेल आणि मुकाट्यानं पुढे पाठवला असेल. पॅसिफिक पार्कमध्ये एक फ्लॅट रिकामा आहे. उपसमिती तुमच्यासारख्याच माणसांच्या शोधात आहे.